डिगंबरचा काजवा

माझा भाऊ डिगंबर व्यापाऱ्यांना विकला गेलेला आहे, असं मी दोन वर्षं गावभर सांगत होते. पिठाच्या गिरणीत सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं, त्याच्या बायकोच्या तोंडावर सांगितलं. आणि गेल्या पौषात ग्रामसभेत, सगळ्या गावासमोर, त्याच्या कानामागचा काजवा पेटला आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पेटलेलाच राहिला. मला इतका संताप आला की हातातली पाण्याची बाटली मी चेपून टाकली आणि पाणी पुढच्या बाईच्या पाठीवर उडालं. तिची माफीही मागितली नाही.

आधी ऊन कसलं ते सांगते, कारण गारव्यात बसून वाचणाऱ्यांना ते कळत नाही. आमचं आमोदखेडं सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेरच्या अंगाला आहे. टेम्पोत बसलं की तासाभरात मध्य प्रदेश. गावात केळीशिवाय दुसरं पीक नाही. पारा पन्नाशीला टेकणं आता आम्हाला नवं राहिलेलं नाही, पण माणसाला मारतो तो नुसता पारा नव्हे. आपलं अंग गार राहतं ते घाम वाळतो म्हणून. केळीच्या बागेत खाली ठिबकचं पाणी, वर पानांचं छत, वारा नावालाही नाही. हवा इतकी ओली की घाम येतो पण वाळत नाही. मग उष्णता अंगातच साठत जाते, आणि धडधाकट माणूस दुपारभरात आतून शिजतो. माझा नवरा प्रभाकर असाच गेला, दोन उन्हाळ्यांपूर्वी, आमच्याच बागेत घड उतरवून घेताना. ट्रक डिगंबरचा होता. व्यापाऱ्याचे फोन डिगंबरला येत होते. आणि 'दाजी, थोडंच राह्यलं, ट्रक भरतच आला' असं म्हणणाराही डिगंबरच होता.

मला एकच भाऊ. आईबाप गेल्यावर माझ्या माहेराला उरलेलं एकमेव दार. ते दार मी स्वतः लावून घेतलं, आणि दुपारबंदीच्या मागे लागले. उन्हाळ्याचे महिने दुपारी कुणीही शेतात मजूर लावायचा नाही, असा ठराव करायचा अधिकार आता ग्रामसभेला आहे. मी माझ्या बागेत गेल्या उन्हाळ्यापासूनच दुपारचं काम बंद केलं होतं. गावाने करावं म्हणून घरोघर फिरले. आणि माझ्या विरोधात सगळ्यात पुढे कोण, तर डिगंबर. मग मी त्याला विकला गेलेला म्हणू नको तर काय म्हणू?

आता काजव्याचं. ज्या सभेचा ठराव सगळ्यांवर बंधनकारक होणार, तिथे बोलणाऱ्याने तो लावायचाच, असा नवा नियम आला होता. कपाळावरून कानामागे जाणारी एक पातळ पट्टी, आणि तिच्या टोकाला मुगाएवढा दिवा. गावात यंत्र घेऊन आली होती नजमा तडवी, इथलीच, यावलकडची, विद्यापीठात शिकून तिथेच संशोधन करणारी. तिने पारावर बसवून आम्हाला समजावलं होतं. खोटं पकडायची जुनी यंत्रं छातीची धडधड आणि तळहाताचा घाम मोजायची, म्हणजे खरं तर भीती मोजायची. निर्ढावलेला सुटायचा आणि भित्रा अडकायचा. काजवा भीती बघत नाही. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश तो कपाळातून थोडा आत सोडतो. प्राणवायू असलेलं रक्त तो प्रकाश वेगळा शोषतं, प्राणवायू संपलेलं वेगळा. त्यावरून मेंदूचा कुठला भाग राबतोय ते कळतं. मनात एक आणि तोंडात दुसरं असलं की मनातलं दाबून धरायला मेंदूला जास्तीचं राबावं लागतं. ते राबणं दिसलं की दिवा विझतो. मनातलंच तोंडात असलं की पेटलेला राहतो. प्रत्येकाचा मेंदू वेगळा, म्हणून सभेच्या आधी आठवडाभर ती पट्टी लावून हिंडायचं, म्हणजे यंत्र तुम्हाला ओळखू लागतं.

"एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा," नजमा म्हणाली होती. "काजवा बोलणाऱ्याबद्दल सांगतो. बोलण्याबद्दल नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. लक्षात कुणीच ठेवलं नाही.

त्या सभेत डिगंबर उठला आणि म्हणाला, "दुपारबंदीनं मानसं मरनं थांबणार नही. इथी काम बंद झालं तर ती दुसरीकडे जातीन अन तिकडे मरतीन. मले दाजीचं दुःख नही असं कोणी समजू नका. मी व्यापाऱ्याच्या बाजूनं बोलत नही."

काजवा पेटलेला. मी नजमाच्या टेबलाशी धावले. "हे यंत्र बिघडलंय. दुसरं लाव त्याला."

"मावशी, दुसरं लावलं तरी तेच होईल. त्यांना जे वाटतं तेच ते बोलतायत."

"त्याला असं वाटतं? माझा नवरा मेल्यावरसुद्धा?"

"वाटतं," ती म्हणाली. एवढंच.

मग मी पट्टी लावली आणि ओरडलेच. "डिगंबर भोळे विकला गेलेला आहे! माझ्या नवऱ्याचा जीव घेऊन त्याचं पोट भरलं नाही!" आणि माझाही काजवा लख्ख पेटला. कारण माझा तसा विश्वासच होता ना! माझ्या बाजूच्यांनी टाळ्या पिटल्या. मग लोटन सर उठले, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, आणि म्हणाले, "आपले वाडवडील याच उन्हात राबले, कोणी मेलं नही. ऊन लागनं हा मनाचा कमकुवतपणा हाय." त्यांचाही काजवा पेटला! मूर्खपणा सुद्धा मनापासून करता येतो, हे त्या दिवशी गावाने डोळ्यांनी बघितलं आणि तरी गाव शिकलं नाही. ज्याचा त्याचा पेटला, म्हणून जो तो खरा. खुर्च्या उचलल्या गेल्या, सरपंच हेमराजचा सदरा फाटला आणि सभा तहकूब झाली.

पुढचे काही दिवस गावात नुसता उच्छाद. आपापला काजवा पेटलेला असतानाचे व्हिडिओ जो तो एकमेकांना पाठवत होता. पूर्वी माणसाला निदान शंका यायची, आपण चुकत तर नसू? आता शंकाच उरली नाही. 'माझा पेटला व्हता' म्हटलं की वाद संपला. माझ्या बाजूचे लोक तर सगळ्यात जास्त माजले होते, आणि मी त्यांच्या पुढे होते. काजवा आला तेव्हा वाटलं होतं, खोटारडे उघडे पडतील. खोटारडे जवळजवळ निघालेच नाहीत. सगळं गाव प्रामाणिक निघालं आणि एकमेकांच्या उरावर बसलं.

शेवटी नजमाच भडकली. हेमराजच्या ओट्यावर तिने मला आणि डिगंबरला बोलावून घेतलं आणि दोघांच्या कपाळाला पट्टी लावली. दोन वर्षांत आम्ही एका छपराखाली पहिल्यांदा बसलो होतो, तोंडं दोन दिशांना.

"तुम्ही लोकांनी माझ्या कामाचा तमाशा केलात," ती म्हणाली. "पुढच्या सभेत मी माझ्या पद्धतीने यंत्र लावणार, नाहीतर उचलून नेणार. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. टोमणा नाही, खोट काढणं नाही, त्याला पटेल असं. तो 'हो, माझं म्हणणं हेच' म्हणाला आणि त्याचा काजवा पेटला, तरच स्वतःचं बोलायचं. आणि मुद्दाम 'नाही' म्हणून कुणाला अडवता येणार नाही. तेही दिसेलच."

"सोपं आहे," मी म्हणाले. "आत्ता मांडते. डिगंबरचं म्हणणं, ट्रक थांबले तर त्याचा धंदा बुडेल."

"नही," डिगंबर म्हणाला. काजवा पेटला.

"व्यापारी दुसऱ्या गावाकडे वळतील याची त्याला भीती आहे."

"नही." पुन्हा पेटला.

"मग काय आहे रे तुझं म्हणणं?" मी किंचाळले.

तो उठून चपला घालायला लागला. "दोन वर्षांत आज इचारलं," असं चपलांकडे बघत म्हणाला आणि गेला.

मी तीन दिवस धुमसले आणि मग त्याच्या ट्रकच्या अड्ड्यावर गेले. तो पत्र्याच्या शेडमध्ये घडांखाली अंथरायचा पाला मोजून घेत होता. मला बघून त्याने गड्यांना चहाला पाठवलं.

"मी ऐकायला आलेली नाही," मी म्हणाले. "पाठ करायला आलेय. बोल."

"बस तरी."

"उभीच बरी आहे."

त्याने हातातला पाला खाली ठेवला आणि म्हणाला, "तुह्या बागेत झिनाबाई व्हती ना? पाड्यावरची? घड वाहायची?"

"होती. यंदा आली नाही. दुसऱ्या मुकादमाकडे गेली असेल."

"कोणाकडेच गेली नही ती. तू मागच्या उन्हाळ्यात दुपार बंद केली. चांगल्यासाठीच केली, मले माहीत हाये. पण अर्ध्या दिवसाच्या रोजात तिचं घर कसं चालणार? ती अन तिच्यासंगच्या बाया टेम्पोत बसून पलीकडं जायला लागल्या, मध्य प्रदेशात. तिकडे ना तुहा ठराव, ना वळखीचा मालक. टेम्पोत जातायेताचं ऊन येगळंच. वैशाखात तिकडेच पडली ती, अन उठलीच नही. त्यांनी बांधावर नेऊन ठेवली अन मले फोन केला, कारण तिच्या मोबाइलात माझाच नंबर सापडला. मी तिले माझ्या ट्रकमधी घालून पाड्यावर नेलं."

मी खाली बसले. खुर्ची नव्हती, पाल्याच्या ढिगावरच बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुले काय सांगू? तूच आधी अर्धी मेलेली. त्यात हे कसं टाकू तुह्या डोक्यावर?"

"आणि मी तुला गावभर विकलेला म्हणत फिरत होते ते?"

"म्हनू दे म्हटलं. कोणावर तरी राग काढून तू उभी तर व्हती."

त्याच्या कानामागे पट्टी नव्हती आणि मला तिची गरजही वाटली नाही. पण याचा अर्थ माझा राग गेला, असं कुणी समजू नये. उलट तो वाढला. माझ्यावर दया करत होता हा! दोन वर्षं माझ्या शिव्या खाऊन मोठा होत होता आणि मला लहान करत होता.

"ऐक," मी उठले. "तू जे सांगितलंस, त्यावरून दुपारबंदी पलीकडेही हवी असं निघतं. इथे नको असं निघत नाही."

"निघत नसंल. पण तिकडे होईस्तोवर इथल्या बायांनी काय करायचं ते सांग."

"मी वाद घालायला आलेली नाही," मी म्हणाले आणि तरातरा निघून आले.

दुसरी सभा शाळेच्या पटांगणात भरली. सगळं गाव आलं होतं, तमाशा बघायला मिळेल या आशेने. मी पहिली उठले. पट्टी कपाळाला चिकटवली. झिनाबाईचं नाव घेतलं. ती माझ्या बागेतली होती, माझ्या दुपारबंदीनंतर ती टेम्पोत बसली, हेही सांगितलं. "डिगंबरचं म्हणणं असं आहे की एका गावाने सावली केली की ऊन शेजारच्या गावात जातं, आणि तिथे आपण मेलेलं माणूस मोजतसुद्धा नाही. ज्यांच्यासाठी ठराव करतो त्यांनाच आपण आपल्या नजरेआड मरायला पाठवतो, आणि वर आपलं मन साफ राहतं."

डिगंबर मान खाली घालून बसला होता.

"हो," तो म्हणाला. "माझं म्हणणं हेच. मलेसुद्धा इतकं नीट मांडता आलं नसतं." काजवा पेटला.

मग त्याची पाळी. तो कधीच भाषण करणारा माणूस नाही. हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणायला उभा केल्यासारखा उभा राहिला.

"ताईचं म्हणणं असं हाये," तो म्हणाला. "भर दुपारी मालकानं 'थोडंच राह्यलं' म्हटलं, की मजुराले 'नही' म्हणता येत नही. बाईले तर मुळीच नही. उद्या काम मिळणार नही, या भीतीनं ती 'हो' म्हणते. दाजी तर स्वतः मालक, त्याच्या तोंडूनबी मह्यासमोर 'नही' निघालं नही, कारण मी मेव्हणा पडलो. ताई म्हणते, ज्याच्या तोंडून 'नही' निघत नही, त्याच्या वतीनं गावानं 'नही' म्हणावं. म्हणून ठराव पाहिजे. कोणी वाईट हाये म्हणून नही. चांगलं मानूसबी 'थोडंच राह्यलं' म्हणतं म्हणून."

त्याचा आवाज शेवटी फाटला. बायांच्या बाजूला कुणीतरी नाक शिंकरलं. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. किती थोर होतं माझं म्हणणं! मी मोठ्याने म्हणाले, "हो. माझं म्हणणं हेच आहे."

आणि माझा काजवा विझला.

मला आधी कळलंच नाही. लोकांच्या नजरा बघून मी कानामागे हात नेला. मग लोटन सर खुर्चीवरून उठून ओरडले, "पाहा! खोटी पडली!"

"गप बसा हो सर!" डिगंबर त्यांच्यावर असा गरजला की ते बसलेच. "खोटं नही बोलत ती. तिले बोलू द्या."

नजमा माझ्याजवळ आली. "मावशी, काही झालेलं नाही. जे मनात आहे तेच म्हणा."

मनात काय होतं? मी शोधलं आणि जे सापडलं त्याची मला सगळ्या गावासमोर लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त चीड आली. मजुरांना 'नाही' म्हणता येत नाही, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तो डिगंबरने केला होता, माझ्या वतीने, माझ्यापेक्षा चांगला. माझा ठराव, माझी घरोघरची फेरी, माझी भाषणं, त्या सगळ्याच्या तळाशी दुसरंच काही होतं.

"माझा नवरा मेला," मी म्हणाले, "आणि कुणाला तरी त्याची शिक्षा व्हावी, एवढंच माझं म्हणणं होतं. ठराव पास झाला की गावाने डिगंबरला दोषी ठरवलं असं झालं असतं. मला ते हवं होतं."

काजवा पेटला. तो पेटल्याचा जेवढा राग आला, तेवढा मला आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

"पण आता," मी पुढे म्हणाले, कारण तिथेच थांबून रडणं माझ्या स्वभावात नाही, "आता डिगंबरने जे मांडलं ते मी ऐकलंय. ते बरोबर आहे. ते मी उसनं घेते. दुपारबंदी पाहिजेच. त्याच्या टेम्पोवाल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तरी पाहिजे."

त्यावरही दिवा पेटलेलाच होता, असं मागून नजमाने सांगितलं. मी तिकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं.

मतं पडली. ठराव हरला, चांगलाच हरला. ज्यांनी डोळे पुसले होते त्यातल्या कित्येकांनी विरोधात हात वर केला, लोटन सरांनी दोन्ही हात वर केले. डिगंबरनेही विरोधातच केला. मला वाटलं होतं तो निदान आज हात खाली ठेवेल. नाही ठेवला. माझ्याकडे बघत वर केला.

प्रभाकरने गावात एक रीत पाडली होती. निवडणूक असो की ठराव, जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला भरीत खाऊ घालायचं, आपल्या बागेत, आपल्या हाताने. तो गेल्यापासून रीत बंद पडली होती. मी त्याच आठवड्यात तुरीच्या काड्या पेटवल्या. पांढरी-हिरवी वांगी भाजली, मिरच्या भाजल्या. डिगंबर बायकोला घेऊन आला, बाह्या सारून लाकडी बडगी पुढे ओढली आणि वांगी ठेचायला बसला. नजमालाही बोलावलं होतं, ती दुसऱ्या दिवशी जाणार होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी तव्यावर टाकता टाकता मी म्हणाले, "पुढच्या पौषात ठराव पुन्हा आणणार."

"आण. मी पुन्हा पाडीन."

"पाड. टेम्पोचं उत्तर शोधूनच आणणार."

"शोध," तो म्हणाला. ठेचणं थांबलं. "ते 'थोडंच राह्यलं' म्हणायचं... त्याचं मह्याकडंबी उत्तर नही ताई. रोज शोधतो."

मी भाकरी उलटली. धुराने डोळे चुरचुरत होते, धुरानेच.

जेवणं झाल्यावर मी नजमाकडून पट्टी मागून घेतली आणि कपाळाला लावली. मला एकदा बघायचंच होतं. "डिगंबर विकला गेलेला आहे," मी म्हणाले.

दिवा पेटला नाही.

"डिगंबर भोळे विकला गेलेला आहे!" मी दोन वर्षं ज्या आवाजात म्हणत होते, त्याच आवाजात म्हणाले. पक्षी उडाले, पण दिवा पेटला नाही. दोन वर्षं जपलेला, पाणी घालून वाढवलेला राग, तो कुणीतरी मला न विचारता उपटून नेला होता. मी पट्टी ओढून काढली आणि नजमाच्या हातात कोंबली.

"मशीन बिघडलं असंल, ताई," डिगंबर ताटातून वर न बघता म्हणाला.

"तू जेव गपचूप," मी म्हणाले, आणि त्याने नको नको म्हणत हात आडवा धरला तरी त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं.